डोक्यावरची मोळी तेवढी दिसते

डोंगरातल्या लोकांनीच जंगलं खाल्ली, हे वाक्य मी आमच्या नात्यागोत्यात इतक्या वेळा ऐकलंय की आता नक्की कोण म्हणालं हेही लक्षात राहत नाही. म्हणणारी माणसं वाईट नसतात. भीमाशंकरला दर्शनाला जाऊन आलेली असतात, घाटात गाडीच्या काचेतून डोक्यावर मोळी घेतलेली एखादी बाई दिसलेली असते, कुठेतरी फांद्या तोडून बोडकं केलेलं खोड दिसलेलं असतं, मग घरी आल्यावर प्रसाद वाटता वाटता विषय निघतोच, की बघा, शेकरूचं, त्या झाडावरच्या मोठ्या खारीचं, एवढं अभयारण्य आहे आणि हे लोक तोडत बसलेत. मला याचं उत्तर द्यायचंय. लई दिवस मनात आहे, त्यामुळं लिहिताना लांबण लागणार, पण लागू दे.

भाचीला बाळ झालं तेव्हा बाळगुटीचं सामान आणायला मी आमच्या सोलापुरात मधल्या मारुतीजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात गेले होते. हिरडा, बेहडा, वेखंड, मुरूडशेंग, जायफळ, हळकुंड, सगळं काकांनी कागदाच्या पुड्यांत बांधून दिलं. (डॉक्टर लोक आता गुटी नको म्हणतात, तो वाद वेगळा, आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांपुढं तो कुणी काढत नाही.) आईनं सहाण धुतली, हिरड्याचे दोन वेढे दिले आणि दगडावर पिवळट-तपकिरी रेघ उमटली, बोट लावून चाटलं तर जीभ आखडून गेली आणि मागनं जरा गोडसर चव आली. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की हे फळ आपल्याकडं तर कुठं बघितलं नाही, आपल्या जिल्ह्यात बाभळी आणि लिंब, मग हे येतं कुठनं? काकांना विचारलं तर म्हणाले, "पुण्याकडचा माल आहे की ताई, जुन्नर-आंबेगाव साइडचा."

पुढं योग आला. शाळेतल्या एका मैत्रिणीचं माहेर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या डोंगराच्या अंगाला, महादेव कोळी आदिवासी घर. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याबरोबर गेले आणि राहिले.

तिथं अंगणात हिरडा वाळत घातलेला होता. शेणानं सारवलेलं अंगण, त्यावर बोराएवढी, काही तर त्याहून बारीक, हिरवी फळं पसरलेली, आणि पलीकडं आधीच वाळलेल्यांचा काळा, सुरकुतलेला ढीग. मैत्रिणीच्या आई, म्हणजे मावशी, हाताचा पंजा फिरवून सारखं खालवर करत होत्या, आणि पंजा फिरला की वाळलेला माल खळखळ वाजायचा. हा बाळहिरडा. आत बी धरायच्या आधी फळ काढायचं आणि उन्हात पुरतं वाळवायचं. झाडावरच पिकू दिलं तर मोठा हिरडा मिळतो, पण त्याला भाव कमी, बाळहिरड्याला त्याच्या कितीतरी पट. पावसाळ्याआधी घरात रोख पैसा येण्याचा हाच काय तो मार्ग, त्यातनंच भाताचं बियाणं, चार महिन्यांचं मीठ-मिरची, पोरांच्या वह्या-पुस्तकं. माल कधी आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर जातो, कधी दारात आलेल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर, आणि काटा कुणाचा यावर वर्षाचा हिशोब वरखाली होतो.

हिरडा काढताना मी बघत बसले होते. पोरगा झाडावर चढतो, काठीनं टोकाच्या डहाळ्या झोडपतो, खाली बायका आणि लहान पोरं पाचोळ्यातनं वेचतात. एकदा वर फांदी कडाडली तशा मावशी खालनं ओरडल्या, "आरं हळू, पुढल्या साली तुझा बाप देणार का हिरडं?" कुठलं झाड कुणाच्या घरानं वेचायचं हे ठरलेलं आहे, आजोबांपासून चालत आलेलं, कागदावर असो नसो. त्या शिवारात ऐनाच्या फांद्या छाटलेल्या दिसतात, पण हिरड्याच्या झाडाला कुऱ्हाड लावलेली मला कुठं दिसली नाही. त्या झाडाखाली त्यांना दरवर्षी यायचंय, एवढं साधं कारण आहे.

शेकरूही तिथंच बघितलं. गावातल्या पोरीनं बोट करून दाखवलं म्हणून दिसलं, नाहीतर मला तो फांदीवरचा ढोलीचा भाग वाटला होता. तांबूस-तपकिरी अंग, पोट फिकट, अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपटी खाली सोडलेली, आणि पुढच्या दोन्ही पंजांत काहीतरी धरून कुरतडणं चाललेलं. आमची चाहूल लागली तसं एका झाडावरनं दुसऱ्यावर झेप घेत गेलं, जमिनीवर पाय नाही. शेकरूचं सगळं आयुष्यच असं झाडांच्या शेंड्यांवर. घरटी काटक्या-पानांची, उंचावर, आणि एकाच शेकरूची दोन-चार. त्याला झाडाला झाड लागून असावं लागतं, मधली सात-आठ झाडं गेली की त्याचा रस्ताच तुटला. आपल्या राज्याचा हा राज्यप्राणी, आणि मुख्यतः त्याच्यासाठी १९८५ साली भीमाशंकरला अभयारण्य झालं, साधारण १३० चौरस किलोमीटरचं. त्या हद्दीत आणि हद्दीला लागून मावशींसारख्यांची घरं आहेत, अभयारण्याच्या कितीतरी आधीपासनं.

आता आपण या जंगलातनं काय घेतो ते बघू, कारण खरा मुद्दा इथं आहे.

भीमा तिथं उगम पावते. तिची लांबी ८६१ किलोमीटर, पण पाणी तिला मुख्यतः वरच्या घाटमाथ्यावरच मिळतं. भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, सगळ्या सह्याद्रीतनंच येऊन तिला मिळतात आणि उजनी धरणात साठतात. सोलापुरात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तिकडं डोंगरमाथ्यावर त्याच्या पाच-सहा पट. ऊस उजनीचा, नळ उजनीचा, पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे हीच भीमा. घाटमाथ्यावरचं झाड पाऊस अंगावर घेतं, पाचोळ्यातनं मुरवतं, आणि मग ते पाणी ओढ्यांना हळूहळू सुटतं. झाड नसलं तर तेच पाणी माती घेऊन धबाधबा खाली येतं आणि धरणात गाळ बसतो. उजनीतल्या गाळाबद्दल आपण पेपरात वाचतो, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आलं की बोंब मारतो, पण ते जंगल कोण राखतंय हे आपल्या बोलण्यात येतच नाही.

पाणी सोडा. त्रिफळा चूर्ण म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा. कोल्हापुरी चपलेचं चामडं पारंपरिक पद्धतीनं कमावतात ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून, आणि त्या चपलेला २०१९ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर आपला सोलापूर जिल्हाही आहे. सुती कापडावर नैसर्गिक रंग पक्का बसायला आधी हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवतात, हे विणकामाच्या गावातल्या आपल्याला तरी माहीत पाहिजे. म्हणजे जंगल आपणही वापरतो, आणि भरपूर वापरतो. फक्त आपलं वापरणं पाइपातनं आणि पुडीतनं येतं. मावशीच्या डोक्यावरची मोळी तेवढी सगळ्यांना दिसते.

मोळीनं जंगलाला काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. राबाचंच बघा. भाताचं, नाचणीचं रोप टाकायच्या आधी तिथं वाफ्यावर झाडाच्या छाटलेल्या डहाळ्या, पालापाचोळा, शेण-गवत पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. तण मरतं, जमीन भाजून निघते, राखेनं रोप जोरात येतं, रासायनिक खत घ्यायला पैसा नसलेल्या डोंगरी शेतीत ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चाललीय. पण एकाच ऐनाला दरसाल छाटत राहिलं तर झाड खुरटतं, आणि जंगलाच्या कडेचे असे खुरटे पट्टे मी बघितलेत. जळणाचंही तेच, गॅसचं सिलिंडर घरात आहे पण भरून आणायला पैसे आणि वाहन दोन्ही लागतं, त्यामुळं पावसाळ्यात चूलच. हे तिथल्या लोकांनाही कळतं. मावशींच्या दिरांनीच मला दाखवलं की अमुक उताराला आम्ही आता काही वर्षं हात लावत नाही, फुटू देतोय. कुणी अधिकारी येऊन सांगून गेला नव्हता.

घेण्याचं हे मोजमाप कधी बिघडतं, तर बाहेरचा भाव अचानक आभाळाला भिडतो तेव्हा. उत्तराखंडात कुमाऊँमधल्या पिथौरागढकडं हिमालयाच्या बुग्याळांत, म्हणजे उंचावरच्या कुरणांत, कीडाजडी मिळते, अळीवर उगवणारी बुरशी, चीनच्या बाजारात तिला प्रचंड किंमत. बर्फ वितळला की गावंच्या गावं वर जाऊन तंबू ठोकतात, गुडघ्यावर रांगत गवतातनं एकेक शोधतात, आणि हिमबिबट्या, कस्तुरीमृगाच्या त्याच मुलखात जळणासाठी हळू वाढणारी झुडपं तोडली जातात. तिथले लोक काही लोभी जन्मले नाहीत, त्याच कुमाऊँत १९३१ पासनं वनपंचायती आहेत, गावांनी आपलं जंगल आपण नियम करून राखल्याची जुनी परंपरा आहे. पण वर्षाची कमाई काही आठवड्यांत मिळायला लागली, दुसरा रोजगार नाही, तर कुणीही जाईल. मीही गेले असते.

आपल्याकडं राखण्याची परंपरा देवराईची. भीमाशंकरच्या परिसरात आहुप्याची देवराई आहे, आणि अशा कितीतरी, जिथं वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही असा रिवाज. माधव गाडगीळ आणि व्ही. डी. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून मांडलं की आजूबाजूचं जंगल गेलं तरी जुनी झाडं, वेली, वनस्पती या तुकड्यांत टिकून राहिल्यात. वनखात्याचा बोर्ड लागायच्या आधी कित्येक शतकं गावानं ते ठरवलेलं. इथनं घ्यायचं आणि इथनं घ्यायचं नाही, अशी रेघ त्यांची त्यांनीच ओढलेली.

आणि आता खाल्लं कुणी ते सांगते. भीमाशंकर अभयारण्याला लागूनच खेड-मावळच्या डोंगरांवर पवनचक्क्यांचा प्रकल्प आला, त्यासाठी १९४ हेक्टरच्या आसपास वनजमीन दिली गेली. हे सगळं गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीच्या २०११ च्या अहवालात आहे. तिथल्या वनक्षेत्रपालानं लिहून दिलं होतं की इथं दाट जंगल आहे, शेकरू आहे, मंजुरी देऊ नये. वरनं मंजुरी झाली. डोंगर फोडून रुंद रस्ते काढले, माती-दगड उतारावर लोटले, ती माती खाली ओढ्यांत, शेतांत, धरणांत आली. आणि ज्या डोंगरावर लोक पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करत होते तिथं अडवाअडवी सुरू झाली. हे वाचलं तेव्हा मी खूप अस्वस्थ झाले. काठीनं हिरडा झोडपणाऱ्या पोराला "फांदी मोडू नको" म्हणून सांगणारी बाई अतिक्रमणवाली ठरते, आणि डोंगरमाथा सपाट करणाऱ्या मशीनला रीतसर परवानगी असते. पवनऊर्जा मला वाईट वाटत नाही, वीज मलाही लागते, पण शेकरूच्या घरातच ती कशासाठी?

कायद्याचं म्हणाल तर २००० साली सुप्रीम कोर्टाच्या एका आदेशानं अभयारण्यातनं पडकं लाकूड, गवत वगैरे काढायलाही बंदी आली. उद्देश चांगला, पण चुलीपर्यंत तो पोचला तो धाकाच्याच रूपात. नंतर २००६ चा वन हक्क कायदा झाला, त्यानं गौण वनोपजावर, म्हणजे हिरड्यासारख्याच मालावर, गावाचा हक्क मानला, आणि हा हक्क अभयारण्यातही लागू आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला, बांबू ग्रामसभेनं स्वतः विकला. डोंगरातल्या सगळ्या गावांना हे इतकं सरळ मिळालेलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, जुन्नर-आंबेगावात हिरड्याची झाडं उन्मळून पडली, फळ गेलं, आणि त्याच्या भरपाईसाठी लोकांना पुढची काही वर्षं मोर्चे काढावे लागले. द्राक्षबाग पडली तर पंचनामा कसा करायचा हे आपल्या यंत्रणेला ठाऊक आहे. जंगलातल्या झाडावर कुणाचं तरी पोट आहे हे मात्र तिला कळायला वेळ लागतो.

द्राक्षांवरनं नान्नज आठवलंच, आणि आपल्या दारातलं बोलल्याशिवाय डोंगरावर बोलायचा अधिकार नाही. बार्शी रस्त्यावर, शहरापासनं वीसेक किलोमीटरवर नान्नज, द्राक्षांसाठी प्रसिद्ध आणि माळढोक पक्ष्यासाठीही. बी. एस. कुलकर्णींसारख्या निसर्गप्रेमी सोलापूरकरांनी सत्तरच्या दशकात या पक्ष्याकडं लक्ष वेधलं आणि १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं, म्हणजे सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली शेतं, गावं, अगदी शहरंसुद्धा त्यात. जमिनीचे व्यवहार अडले, विहीर-रस्त्याला परवानगी लागायला लागली, आणि लोकांचा राग सरकारवर जायच्या ऐवजी पक्ष्यावर गेला. पुढं क्षेत्र कमी करून बाराशे चौरस किलोमीटरच्या घरात आणलं, तोवर व्हायचं ते झालं होतं. माळढोक २०११ पासनं जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे, सगळ्या देशात दीडशेसुद्धा उरले नाहीत असं मानतात, बहुतेक जैसलमेरकडं. नान्नजला आता एखादा दिसला तर पेपरात बातमी येते.

मी माळावर बऱ्याचदा गेलेय. मारवेल, पवन्या, कुसळी, ऑक्टोबरात गवत पिवळं पडायला लागतं आणि कुसळं साडीच्या काठाला चिकटून घरापर्यंत येतात. काळविटांचे कळप दिसतात, नशीब असलं तर लांडगा. माळढोकाला असाच मोकळा माळ लागतो, मान उंच केली की चारी बाजूला लांबवर दिसलं पाहिजे, कारण मादी बहुधा एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. अशा माळाला 'पडीक' समजून वर्षानुवर्षं झाडं लावली गेली, गिरिपुष्पाच्या रांगाच्या रांगा. कालव्याचं पाणी आलं, ज्वारी-भुईमूग-करडई गेली आणि ऊस, द्राक्षं आली, विजेच्या तारा आल्या. माळढोक उडताना समोरचं पटकन बघू शकत नाही, जड पक्षी, तारांना धडकून मरतो.

या सगळ्यात मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराला मात्र सगळ्यात आधी हटकलं गेलं. एका मेंढपाळ मामांशी बांधावर बसून बोलले होते. ते म्हणाले, "गवत लई वाढलं तरबी पाखरू बसत न्हाई, आन् पार खुरडलं तरबी बसत न्हाई. मधलं पाहिजे." मेंढरांचं फिरणं, थोडं चरून पुढं सरकणं, यातनंच ते मधलं गवत राहतं. त्यांच्या कळपातलं कोकरू लांडगा नेतो, दरसाल नेतो, तरी ते म्हणाले की त्याचाबी वाटा असतो. नुकसान सोसून जनावराला जगू देणारा माणूस आपल्या जिल्ह्यात राहतो आणि माळाचं काय करायचं हे ठरवताना त्याला कुणी बोलवत नाही.

पालमपूरचं मला फार पटलं ते यामुळंच. हिमाचलमधलं हे छोटं शहर, धौलाधारच्या पायथ्याशी, पाणी वरच्या बोहल गावच्या जंगलातनं येणाऱ्या झऱ्याचं. २०१० साली नगरपालिकेनं वरच्या गावच्या वन समितीशी रीतसर करार केला, तुम्ही पाणलोटातलं जंगल राखा, आम्ही दरवर्षी १०,००० रुपये देऊ. रक्कम बघितली तर किरकोळच, पण शहरानं लेखी मान्य केलं की आम्ही तुमच्या जंगलावर जगतो. गावानंही कुठं चारायचं, कुठं लाकूड काढायचं, कुठं नाही याचे नियम बांधून घेतले.

भीमेचं खोरं मोठं, त्यात पुणं आहे, कारखाने आहेत, पालमपूरसारखं सोपं नाही हे मला कळतं. तरी आपल्या पाणीपट्टीतला वर्षाला घरटी दहा-वीस रुपयांचा हिस्सा उगमाकडच्या ग्रामसभांना द्यायचा ठरवला तर त्यात अशक्य काय आहे? त्यातनं राबाला पर्याय म्हणून खत देता येईल, गॅस भरता येईल, हिरड्याच्या रोपांची नर्सरी गावातच निघेल, आणि बाळहिरडा व्यापाऱ्याच्या काट्यावर जायच्या आधी गावात साठवायला एखादं गोदाम होईल. आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळात मी हे मांडलं, बऱ्याच जणींना पटलं, एकीनं विचारलं की पैसे खरंच तिथं पोचतील का. रास्त प्रश्न आहे. म्हणून अर्ज लिहिताना आम्ही पहिली अट हीच घातलीय की पैसा ग्रामसभेच्या खात्यावर जावा आणि हिशोब दोन्हीकडच्या लोकांना वाचायला मिळावा. अर्जाचा मसुदा तयार आहे, सह्या गोळा करणं चालू आहे, पुढच्या आठवड्यात तो महापालिकेत द्यायचाय.